प्रत, नक्कल आणि अजिंठ्याची भिंत : मुंबईचे विद्यार्थी तैलरंग शिकले तो इतिहास

१.
अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघाले की नेवासे तालुक्यात घोडेगाव लागते. कांद्याचा बाजार आणि घोडेश्वरीचे देवस्थान ही या गावाची ओळख. पुढे नेवासे फाटा, मग प्रवरासंगम आणि कायगाव टोक्याजवळ गोदावरी. इंग्रजी अमदानीत ही नदी म्हणजे हद्द होती. अलीकडे मुंबई इलाख्यातला अहमदनगर जिल्हा, पलीकडे निजामाचे राज्य. ती ओलांडून संभाजीनगर गाठले की तेथून शंभरएक किलोमीटरवर अजिंठा. आजचा धागा अजिंठ्याच्या भिंतींसमोर बसून तैलरंग शिकलेल्या मुलांविषयी आहे. परंतु त्याचा आरंभ नेवाशातच करावा लागतो.

२.
नेवासे हे ज्ञानेश्वरीचे गाव. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ती येथे सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. ती मूळ पोथी आज कोठेही नाही. आपल्या हाती आहेत त्या प्रतींवरून केलेल्या प्रती. सुमारे तीनशे वर्षांत या प्रतींमध्ये इतके पाठभेद शिरले की पैठणच्या एकनाथांना १५८४ मध्ये ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. प्रतकार ग्रंथ जगवतो आणि जगवता जगवता बदलतोही, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. चित्राच्या बाबतीतही हेच घडते. तेथे आपण प्रतीला ‘नक्कल’ म्हणतो आणि त्या शब्दाकडे थोडे नाक मुरडून पाहतो, एवढाच फरक.

३.
नाक मुरडण्याचे खरे तर कारण नाही. युरोपात तैलचित्रण शिकण्याचा राजमार्ग नकलेचाच होता. पॅरिसचे लूव्र संग्रहालय १७९३ मध्ये खुले झाले, तेव्हा काही दिवस चित्रकारांसाठी राखून ठेवलेले असत. त्यांनी यावे, इझल मांडावे आणि थोरांच्या चित्रांच्या नकला कराव्यात. देगाने तेथे पूसँच्या चित्राची नक्कल केली. पूर्वी जॉर्जोनेचे आणि आता बहुधा तिशियनचे मानले जाणारे एक चित्र त्याच संग्रहालयात आहे. हिरवळीवर बसलेले दोन तरुण, हातात वाद्य, दोन विवस्त्र स्त्रिया, मागे झाडे आणि दूरची टेकडी. निसर्गात माणसे कशी बसवावीत याचा तो एक पाठच आहे. माने याने १८६३ मध्ये प्रदर्शित केलेल्या आणि गाजलेल्या वनभोजनाच्या चित्रामागे याच चित्राची आठवण आहे.

४.
अशा नकलेतून नेमके काय शिकता येते? निसर्गासमोर बसलेल्या नवशिक्याला एकाच वेळी शंभर प्रश्न पडतात. काय घ्यावे, काय सोडावे, उजेड कोठून मानावा, माणूस किती मोठा आणि झाड किती मोठे? जुन्या चित्रात या प्रश्नांची उत्तरे आधीच दिलेली असतात. विद्यार्थ्याला ती उलट्या दिशेने उकलायची असतात. तैलरंगांत हे विशेष उपयोगी पडते, कारण तैलचित्र थरांनी उभे राहते. कॅनव्हासला अस्तर, त्यावर रेखाटन, मग पातळ रंगाचा पहिला हात आणि त्यावर उत्तरोत्तर अधिक तेलाचे थर. जवसाच्या तेलातला रंग सावकाश सुकतो, म्हणून तो पुसता येतो, मिसळता येतो, दुसऱ्या दिवशी सुधारता येतो. खालच्या थरात तेल जास्त आणि वरच्या थरात कमी झाले, तर काही काळाने चित्राला तडे जातात. हे पुस्तकात एका ओळीत वाचता येते. हाताला कळायला मात्र एक सबंध चित्र रंगवावे लागते.

५.
मुंबईच्या विद्यार्थ्याजवळ लूव्र नव्हते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा निघाली. २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन संस्थेत तिचे वर्ग भरू लागले. अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या वळणाचा होता. विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे पुढे ठेवून तासन्‌तास छायाप्रकाश रेखाटत. गिरगावातल्या, ठाण्यातल्या किंवा पारशी वस्तीतल्या मुलाने अथेन्सच्या देवतेचे नाक अचूक काढावे, हा त्या शिक्षणाचा पाया होता. शाळेबाहेर तर एवढीही सोय नव्हती. त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन हा चित्रकार रंगवीत असताना नुसते पाहून तरुण रविवर्म्याला तैलरंगांची रीत उमजून घ्यावी लागली.

६.
१८६५ मध्ये या शाळेत तीन नवे शिक्षक आले. शिल्पासाठी जॉन लॉकवुड किपलिंग, धातुकामासाठी हिगिन्स आणि सजावटी चित्रणासाठी जॉन ग्रिफिथ्स. किपलिंगचा मुलगा रुडयार्ड त्याच वर्षी मुंबईत जन्मला आणि पुढे लेखक म्हणून जगप्रसिद्ध झाला. ग्रिफिथ्सची कीर्ती तेवढी पसरली नाही. पण मराठी मुलुखाच्या चित्रकलेत त्याने केलेले काम फार दूरवर पोहोचले. हिंदी विद्यार्थ्यापुढे आदर्श म्हणून ठेवावे असे उत्तम चित्र ग्रीसमध्ये शोधण्याची गरज नाही, ते अजिंठ्यात आहे, असे त्याचे मत होते. त्याने ते लिहून मांडले आणि सरकारच्या गळी उतरवले.

७.
अजिंठ्याची नक्कल करण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याने १० क्रमांकाच्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव कोरले आणि बाहेरच्या जगाला या लेण्यांची वार्ता लागली. जेम्स फर्ग्युसनने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला आणि ही चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला व्हाव्यात असा आग्रह धरला. त्यावरून १८४४ मध्ये मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. गिल अजिंठा गावी राहिला आणि वर्षानुवर्षे कॅनव्हासवर तैलरंगांत भिंतींच्या आकाराच्या नकला करीत राहिला. गावातली पारो ही त्याची सहचरी. १८५६ मध्ये ती वारली, तिची कबर तेथेच आहे. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे ही दोघे मराठी वाचकाच्या ओळखीची झाली.

८.
गिलच्या नकला लंडनला गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी तेथे आग लागली. चार-पाच नकला वगळता तेथे मांडलेले सारे काम जळाले. एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांची एका रात्रीत राख झाली. गिल १८७९ मध्ये वारला. भुसावळ येथे त्याची कबर आहे.

९.
या पार्श्वभूमीवर ग्रिफिथ्सने १८७२ मध्ये दुसरा प्रयत्न आरंभला. गिल बहुतांशी एकटा झगडला होता. ग्रिफिथ्सने आपली शाळाच लेण्यांत नेली. मुंबई सरकारच्या शाळेतले विद्यार्थी निजामाच्या मुलुखात जाऊन राहू लागले. मधले काही खंड वगळता हे काम १८८५ पर्यंत चालले. या अवधीत सुमारे तीनशे नकला झाल्या, बहुतेक कॅनव्हासवर आणि तैलरंगांत. १, २, १६ आणि १७ या लेण्यांतील मोठी कथाचित्रे त्यांत होती, तशाच छतांवरील फुलापानांच्या आणि पशुपक्ष्यांच्या चौकटीही. या विद्यार्थ्यांमध्ये पुढे सर्वांत नावारूपाला आला तो पेस्तनजी बोमनजी.

१०.
हे विद्यार्थी काय पाहत होते याची कल्पना येण्यासाठी एक कथा घ्यावी. १७ क्रमांकाच्या लेण्यात श्याम जातक रंगवलेले आहे. अरण्यात राहणारे अंध आईबाप, त्यांची सेवा करणारा मुलगा, पाणी आणायला तो नदीवर जातो आणि शिकारीला आलेल्या राजाचा बाण त्याला लागतो. आपल्याकडच्या श्रावणबाळाच्या कथेचे हे बौद्ध भावंड. फरक एवढाच की येथे शेवटी मुलगा वाचतो. माणसे आणि अरण्य यांची सांगड घालणारी अशी दृश्ये अजिंठ्यात पुष्कळ आहेत. सहा दातांच्या हत्तीचे षड्दंत जातक किंवा आंधळ्या आईसाठी झुरणाऱ्या हत्तीचे मातृपोषक जातक ही त्यांपैकीच.

११.
परंतु या दृश्यांतील निसर्ग युरोपीय नव्हे. चित्रात क्षितिजाची एक रेषा नाही. खडक म्हणजे एकावर एक रचलेले चौकोनी ठोकळे. दूरचे ते लहान हा नियम येथे पाळलेला नाही, दूरचे ते वर मांडलेले आहे. झाडे मात्र पानांवरून ओळखता यावीत इतकी नेमकी. आणि या सगळ्याला बांधून ठेवते ती रेषा. गेरूच्या किंवा काजळाच्या एका लवचीक फटकाऱ्यात खांदा, कंबर, बोटांची मुद्रा उभी राहते. रंग काढलेला असतो मातीच्या गिलाव्यावर. मातीत तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर पांढऱ्या लेपाचा पातळ थर आणि त्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, पांढरा आणि परदेशातून आलेला निळा राजवर्त. ते रंग भिंतीत मुरतात आणि चमकत नाहीत.

१२.
येथे या शिक्षणाची मोठी अडचण उभी राहते. विद्यार्थी तैलरंग शिकत होते, पण पुढ्यातले चित्र तैलरंगांतले नव्हते. लूव्रमध्ये तिशियनची नक्कल करणारा तेलाचे थर तेलाच्याच थरांनी उकलत असे. अजिंठ्यात मुंबईच्या मुलाला एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जावे लागे. रेषेने सांगितलेली गोलाई तो छायाप्रकाशाने सांगू लागला, कारण प्लास्टरच्या साच्यांसमोर त्याचा हात तसा घडला होता. गिलाव्याची कोरडी छटा तेलात आली की तिला झळाळी आणि खोली येते. त्यात भर म्हणजे तेल काळानुसार पिवळसर तपकिरी होते. म्हणून नकलेतला अजिंठा भिंतीवरच्या अजिंठ्याहून अधिक मांसल आणि काळोखा दिसतो. हा विद्यार्थ्यांचा आळस नव्हे, माध्यमाने घातलेला पाठभेद आहे.

१३.
मग विद्यार्थ्यांनी काय कमावले? प्रथम म्हणजे समूहरचना. साच्यासमोर बसलेला विद्यार्थी एक देह शिकतो. अजिंठ्यात वीस-वीस माणसांची दाटी, प्रत्येकाची नजर दुसऱ्याकडे लागलेली, आणि तरी कथेचा नायक हरवत नाही. दुसरे म्हणजे सावळ्या त्वचेचा रंग. युरोपीय पुस्तकांत गोऱ्या देहाच्या रंगाच्या कृती होत्या. तपकिरी, तांबूस, हिरवट सावळ्या देहाचा उजेड कसा रंगवावा याचे पाठ या भिंतींवर होते. तिसरे म्हणजे चिकाटी. गुहेत उजेड दिवसाच्या मोजक्या तासांपुरता येतो, तेवढ्यात नजर आणि हात यांना काम उरकावे लागते. पेस्तनजी बोमनजींनी पुढे पारशी घरांतली माणसे रंगवली. पोपटाला खाऊ घालणारी स्त्री हे त्यांचे १८८२ मधले चित्र पाहावे. विषय अजिंठ्याचा नाही, पण स्त्रीच्या देहाची वळलेली ठेवण आणि तिच्याभोवतीची शांतता यांत लेण्यांतला सराव जाणवतो, असे मला वाटते.

१४.
आता या शिक्षणाची किंमत. नकला लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि १२ जून १८८५ रोजी तेथेही आग लागली. कित्येक नकला जळाल्या, दीडशेहून अधिक वाचल्या आणि त्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. एकाच शहरात, एकोणीस वर्षांच्या अंतराने, अजिंठ्याच्या नकलांची ही दुसरी होळी. ग्रिफिथ्सने उरलेले काम हाती घेऊन १८९६–९७ मध्ये दोन खंडांचा चित्रग्रंथ काढला. मुखपृष्ठावर नाव अर्थातच त्याचे. ज्यांनी तेरा वर्षांत हे कॅनव्हास भरले, त्या मुलांपैकी बहुतेकांची नावे आज चित्रकलेच्या विद्यार्थ्यालाही सांगता येत नाहीत.

१५.
दुसरी किंमत भिंतीने मोजली. धूळ, काजळी आणि ओल यांनी अंधुक झालेले रंग नकलेसाठी उजळ दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश चढवले गेले. काही काळ रंग उठून दिसले. नंतर वॉर्निश पिवळे पडले, धूळ धरू लागले, आकसताना रंगाचे पापुद्रे ओढू लागले. निजाम सरकारने १९२० मध्ये लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन जाणकारांना बोलावून डागडुजी करवली. गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली चित्रांचे जतन आणि छायाचित्रण झाले. पण जुन्या वॉर्निशचा आणि नंतर चढवलेल्या लाखेचा प्रश्न भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे अनेक दशके पुरला. चित्र वाचवण्यासाठी नक्कल, आणि नकलेसाठी चित्रालाच इजा. हा पेच विसरून ग्रिफिथ्सचे कौतुक करता येत नाही, आणि तो सांगून त्याचे काम मोडीतही काढता येत नाही.

१६.
विसाव्या शतकात नकलेचा हेतूच पालटला. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृती बंगाली तरुण अजिंठ्याला आले. त्यांनी तैलरंग जाणीवपूर्वक बाजूला ठेवले. त्यांना भिंतीतून भारतीय रेषा हवी होती, स्वदेशी चित्रकलेचे व्याकरण हवे होते. मुंबईकर त्याच भिंतीसमोर निसर्ग पाहायला आणि देह घडवायला शिकले होते. पुढची कित्येक वर्षे मुंबई आणि कलकत्ता यांच्यात जो वाद रंगला, त्याची दोन्ही टोके एकाच लेण्यात सापडतात. भिंत एकच होती, विद्यार्थी कोणता प्रश्न घेऊन आला यावर तिचे उत्तर ठरले.

१७.
जपानी चित्रकारही आले. अराई काम्पो यांनी १९१७–१८ मध्ये अजिंठ्याच्या नकला केल्या. त्या जपानला नेल्या आणि १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोत उसळलेल्या आगीत नष्ट झाल्या. पुढे याच अराईंनी जपानमधल्या होर्यूजी मंदिरातील भित्तिचित्रांच्या नकलेचे काम केले. त्या चित्रांचे अजिंठ्याशी नाते अभ्यासकांनी पुष्कळदा सांगितले आहे. नकलांचे ते काम चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी मंदिराला आग लागली. या वेळी मूळ भिंती जळाल्या आणि त्यांचे रंगरूप सांगायला नकला उरल्या.

१८.
तीन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. ज्ञानेश्वरीची मूळ पोथी गेली, प्रतींनी ग्रंथ जगवला. होर्यूजीची भिंत गेली, नकलांनी तिची आठवण जगवली. अजिंठ्यात मात्र तीन वेळा नकला जळाल्या आणि जर्जर का होईना, भिंत उभी राहिली. वाचलेल्या नकलांचे मोलही आता वेगळे झाले आहे. गेल्या दीडशे वर्षांत भिंतीवरून जे तुकडे गळून गेले, ते काही ठिकाणी केवळ त्या काळवंडलेल्या कॅनव्हासवर पाहायला मिळतात. शिकण्यासाठी केलेला सराव पुरावा होऊन बसला.

१९.
पण जळालेल्या नकलांचे काय? त्या सगळ्या वाया गेल्या असे म्हणता येत नाही. नकलेतून दोन गोष्टी निर्माण होतात. एक कॅनव्हासवर राहते, दुसरी करणाऱ्याच्या हातात. पहिली जळू शकते. दुसरी त्या हाताबरोबर फिरते, दुसऱ्याला शिकवते. कलाशाळेच्या कुंभकाम विभागातून अजिंठ्याच्या वळणाच्या नक्षीची भांडी घडली. कोल्हापूरचे म. वि. धुरंधर १८९० मध्ये शाळेत दाखल झाले, तेव्हा लेण्यांतल्या मोहिमा थांबल्या होत्या. तरी ज्या शाळेत ते शिकले, ती अजिंठा पाहून आलेली शाळा होती. पुढे १९२० मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी तेथे भित्तिचित्रणाचा वर्ग काढला, तेव्हा भिंत या विषयाची शाळेला चांगली ओळख होती.

२०.
महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शाळांतून आजही मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकलेच्या शासकीय परीक्षांना बसतात. त्यांत स्मरणचित्राचा कागद असतो. बाजार, पाणवठा, बसथांबा असा विषय देतात आणि परिसरात माणसे बसवून दाखवायची असतात. म्हणजे प्रश्न तोच, श्याम जातकाच्या चित्रकारापुढे होता आणि ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांपुढेही होता. माणूस निसर्गात कोठे ठेवावा? मुलाने आधी एखादे उत्तम चित्र समोर ठेवून मन लावून उतरवले असेल, तर त्याला त्या कागदावर बाजार भरवणे सोपे जाते. मुलगा नक्कल करताना दिसला तर त्याला हटकू नये. फक्त दोन गोष्टी त्याला शिकवाव्यात. चित्राच्या पाठीमागे मूळ कोणाचे आणि नक्कल कोणाची, ही दोन्ही नावे लिहावीत. आणि मुळाला हात लावू नये.

२१.
घोडेगावावरून अजिंठ्याला जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांत काही भागांवर पिवळसर तुकतुकीत झाक दिसली, तर तो अजिंठ्याचा रंग आहे असे समजू नये. नंतरच्या हातांनी चढवलेल्या थरांची ती खूण आहे. त्याच भिंतींसमोर इझल मांडून बसलेल्या मुंबईच्या मुलांची नावे तेथे कोठेही लिहिलेली नाहीत. भिंतीपाशी थांबताना वाकाटककालीन चित्रकारांबरोबर त्यांचीही आठवण ठेवावी, एवढीच विनंती. धागा समाप्त.